एकही पत्रा फुटला नाही

प्रिय बा,

आज दुपारी शाळेवरचा शेवटचा पत्रा गाडीत चढला. गाडी घाट उतरून दिसेनाशी झाली आणि मी सातवीच्या वर्गात येऊन बसले. डोक्यावर आता काहीच नाही, नुसतं मे महिन्याचं आभाळ. ही बातमी सगळ्यांत आधी तुला सांगायची होती. तू जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा सांगायला दुसरी वाट नाही, म्हणून हा कागद घेतला.

तू चढवलेले पत्रे मी उतरवले, बा. तुला राग येईल का?

ही शाळा कुडाची होती तेव्हा पावसात आम्ही वह्या पोटाशी धरून बसायचो. मग तू आणि तुझा कामावरचा जोडीदार काळूकाका, दोघांनी मिळून सिमेंटचे पत्रे चढवले. मी दुसरीत होते. नंतर कितीतरी वर्षं दाभोशाच्या रस्त्यानं जाताना जीपमधल्या अनोळखी माणसालाही तू बोट दाखवून सांगायचास, ते छप्पर माझ्या हातचं आहे. तुझ्या पत्र्यांखाली मी कोरडी बसले, शिकले आणि त्याच शाळेत मुख्याध्यापिका होऊन आले. हे मी विसरलेले नाही.

पण त्या दिवसांत तू घरी यायचास तो पांढरा होऊन. करवतीनं पत्रा कापला की पिठासारखी भुकटी उडायची आणि तुझ्या भुवयांवर, कानात, सदऱ्यात बसायची. आई हसायची. सदरा अंगणात झटकायचं काम माझं होतं आणि मला ते फार आवडायचं.

नाशिकच्या दवाखान्यातला तो दिवस आठवतो? फुप्फुसं आतून कडक झालीत असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला विचारलं, हे काम काय करायचे? मी सांगितलं, शेती. भात आणि नागली. खोटं नव्हतं ते. पण भात झोडून झाला की दरवर्षी तू भिवंडीकडे पत्रे चढवायला जायचास, हे माझ्या तोंडात आलंच नाही. तूही बोलला नाहीस. का रे नाही बोललास? तुला तरी कुठे ठाऊक होतं म्हणा.

मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. ते खनिज म्हणजे बारीक बारीक धागे. पत्रा धड असेपर्यंत ते आत घट्ट बसलेले असतात. पत्रा कापला किंवा फोडला की हवेत उडतात, श्वासातून छातीत जाऊन रुततात आणि कितीतरी वर्षांनी माणसाला गाठतात. मी उठून बाहेर गेले. व्हरांड्यात उभी राहून आपले हात बघत राहिले. ज्या हातांनी तुझा सदरा झटकला, ते हात.

मग आपल्या शाळेला नवी इमारत मंजूर झाली. जुनी पाडायची. मी अंदाजपत्रक मागून घेतलं आणि ओळ न् ओळ वाचलं. पत्रे कसे उतरवायचे, कुठे न्यायचे, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. असे पत्रे घातक कचऱ्यात मोडतात, ते कुठेही टाकता येत नाहीत. तो नियम छापून घेतला आणि जव्हारच्या कचेरीत किती खेपा घातल्या, विचारू नकोस. शेवटी एका तरुण अभियंत्यानं सगळं वाचलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे. आजवर कुणी मागितलंच नाही." त्यानं अंदाजपत्रकात सुधारणा सुचवली आणि कागद वर पाठवला.

तो मंजूर होऊन यायच्या आतच एका सकाळी ठेकेदाराचा जेसीबी मैदानात येऊन उभा राहिला. एका दिवसात भिंतींसकट सगळं खाली, असा त्याचा बेत होता. आणि त्याचा मुकादम कोण? आपला काळूकाका! केस पिकलेत त्याचे, पण अजून माकडासारखा छपरावर चढतो.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. पत्रा पडला असता तर माझ्यावरच पडला असता. जेसीबीवाला थांबला. काळूकाका जवळ आला आणि मला बाजूला हो म्हणाला. उगाच भीती घालतेस, म्हणाला. "चाळीस पावसाळं मी पत्र्यावर काढलं, सुनी. मला काय झाला?"

"काका, बा कशानं गेला?"

तुझ्या शेवटच्या महिन्यात रोज येऊन तुझी पाठ चोळणारा तोच होता ना. मी त्याला नाशिकचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. तो खाली बसला. मग उठून त्यानं जेसीबीवाल्याला हातानं खूण केली, यंत्र बंद कर. ठेकेदाराला फोन लावून म्हणाला, "कागद येईपर्यंत माझी माणसं पत्र्याला हात लावणार नाय."

कागद आला तसं गाव उठलं. पत्रे फेकून का देता, आम्हाला द्या, गोठ्यावर घालतो, असं जो तो म्हणू लागला. मी त्यांना दोष कसा देऊ? तू स्वतःच तर शाळेचे उरलेले तुकडे आणून आपल्या चुलीवर छप्पर म्हणून घातले होतेस. ग्रामसभेत मी पत्रे द्यायचे नाहीत म्हटल्यावर लोक संतापले. पाड्यावरच्या पोरीला शहाणपण आलं, असंही कुणी म्हणालं.

तेव्हा मागून आई उभी राहिली. आपली आई, जी गावच्या बैठकीत कधी तोंड उघडत नाही. तुझ्या हातचे म्हणून त्या चुलीवरच्या पत्र्यांना तिनं मला कधी हात लावू दिला नव्हता. घरात दोनदा भांडण झालं होतं त्यावरून. ती म्हणाली, "आधी माझ्या चुलीवरचं उतरवा. मग बाकीच्यांनी बोला."

उभे राहिलेले एकेक करून खाली बसले, बा. तू असतास तर काय केलं असतंस, हे मी तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

काम चार दिवस चाललं. मुलांना सुट्टी होती, तरी आम्ही शाळेभोवती दोरी बांधून कुणालाच आत सोडलं नाही. काळूकाकाच्या माणसांनी अंगभर झगे चढवले आणि तोंडाला गाळणीचे मास्क लावले. फडक्यानं भागत नाही हे काकाच त्यांना बजावत होता. फवारणीच्या पंपानं साबणाचं पाणी मारून पत्रे भिजवायचे. बोल्ट ठोकायचे नाहीत, हलक्या हातानं कापायचे. मग एकेक पत्रा दोरानं फळीवरून खाली, जसा तान्ह्याला पाळण्यात ठेवतात तसा. खाली जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वर धोक्याची चिठ्ठी. झाडूला बंदी, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं. ठेकेदार पहिल्या दिवशी तोंड वाकडं करून उभा होता. तिसऱ्या दिवशी स्वतः मास्क लावून मोजायला आला.

आणि रोज संध्याकाळी काळूकाका बोअरिंगवर अंघोळ करायचा, धुतलेले कपडे घालायचा आणि मगच घरी जायचा. त्याची नात धावत येऊन त्याला मिठी मारायची. ते बघताना मला रडू आलं आणि हसूही आलं.

आधीच तडकलेले पाच-सहा सोडले, तर शाळेचा एकही पत्रा फुटला नाही. चुलीवरचे तुकडेही त्याच गाडीतून घातक कचऱ्याच्या सरकारमान्य जागी गेले. गाडी निघाली तेव्हा ज्यांनी पत्रे मागितले होते, तेच लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.

तुझं छप्पर वाईट होतं असं मी कधीच म्हणणार नाही, बा. तुला कुणी सांगितलं नाही, एवढंच. आता सांगणारे आम्ही आहोत.

वांगणीकडच्या एका शाळेतल्या बाईंचा आत्ताच फोन आला. त्यांच्याकडेही तसेच पत्रे आहेत आणि ती शाळाही पाडायचीय. काळूकाका शेजारीच चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, मला घेऊन चल, पत्रा कसा उतरवायचा ते मी दाखवतो. सोमवारच्या पहिल्या जीपनं आम्ही दोघं निघतोय. ते पत्रेही धड खाली येतील आणि ते उतरवणारा प्रत्येक माणूस स्वच्छ अंगानं आपल्या लेकरांकडे जाईल. हा माझा तुला शब्द आहे.

तुझीच,
सुनी