लाल चौकटीतले दहा आकडे

पिंपळे गुरव,
१२ फेब्रुवारी

विजूवन्संना इंदूचा नमस्कार.

तिकडे माण गावी सगळे खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण वाचनालयाचा जिना चढते.

दीड वर्षानं लिहितेय, तेही फोन असताना. तुमचा आवाज ऐकला तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला मी चारचौघांत तुम्हाला म्हणाले, "भावाची लफडी झाकता! पुन्हा माझा उंबरा चढू नका." तुम्ही एवढंच बोललात, "वहिनी, दादा तसला नव्हता."

कारण आज सांगते. हे गेल्यावर कपाटात शर्टांखाली एक डायरी सापडली. शेवटच्या पानावर लाल चौकटीत 9814072356. दहा आकडे, सुरुवात 98. मोबाईल नंबर नाही तर काय? तो मी माझ्या फोनमध्ये 'ती' नावानं घातला. लावायची हिंमत झाली नाही. रोज काढून बघायचे नि ठेवून द्यायचे.

परवा वाचनालयात गणितातल्या गमतींचं जुनं पुस्तक हाती लागलं. मी काय, मिळेल ते वाचते. पान उलटलं आणि तोच नंबर! शून्य ते नऊ, सगळे आकडे एकेकदाच. 99066 ला 99066 नं गुणलं की हीच संख्या येते. दहाही आकडे एकेकदाच येणारी अशी वर्गसंख्या याहून मोठी दुसरी नाही.

मी ओरडलेच. तिथं काम करणारी योगिनी धावत आली. "काकू, पाणी देऊ?"

"दे बाई. माझी सवत पुस्तकात निघाली."

घरी येऊन स्वतः गुणून पाहिलं. आधी हातचा विसरले, मग बरोबर आलं.

मग डायरी पहिल्या पानापासून वाचली. इतके दिवस शेवटचंच पान बघत होते. 99378 पासून तीन-तीननं खाली उतरत, प्रत्येक संख्येला तिनंच गुणत, एकशे पाच गुणाकार. एकशे चार खोडलेले, शेवटचा 99066 चा तेवढा राखलेला. कंपनीच्या बसमध्ये केलेले असणार. चाकणच्या खड्ड्यांनी अक्षर उडालंय.

ह्यांच्या मापं घ्यायच्या व्हर्निअरच्या डबीवर 99066 कोरलंय, ते मी कंपनीचा नंबर समजायचे. हे म्हणायचे, "वाच. आता डबी उलटी धरून वाच." तरी 99066 च. आणि हसत बसायचे.

डायरी लपवली का, तेही कळलं. एकदा ताट वाढलेलं, हे आकड्यांत. मी म्हणाले, "आकड्यांशीच लग्न लावायचं होतंत." त्यानंतर घरात वही दिसली नाही. तेवढा दोष माझ्याकडे राहिला, वन्सं.

पण काल रात्री सलग झोपले. कितीतरी दिवसांनी.

रविवारी या. माफी मी उंबऱ्यावरच मागेन. मग तो शेवटचा गुणाकार तुमच्यासमोर करून दाखवते. तुमच्या दादाला दाखवायला कुणी मिळालं नव्हतं.

फोनमधलं नाव बदललंय. आता तिथं 'हे' आहे.

तुमच्या दादाचीच,
इंदू