पाइपांच्या ट्रेलरची नोंद

प्रिय नाना,

तुमची फॉल्टची वही आज पोलीस ठाण्यात जमा करून आले. दुकानात नवी वही लागणारच होती, ती येताना घेतली आणि पहिल्याच पानावर तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात त्याला तीन महिने झाले, एकदाही लिहावंसं वाटलं नाही. आज राग आलाय म्हणून लिहितेय. हो, तुमचाच!

आधी सोमवारचं सांगते. पाइपवाल्या शेठचा मुनीम दुकानात आला होता. त्यांच्या पाइपांच्या ट्रेलरला अंधारात मागून मोटारसायकल धडकली, ती चालवणारे साक्रीचे मास्तर अजून कुबड्यांवर आहेत आणि आता केस उभी राहिलीय. शेठनं जबाब दिलाय की मागचे दिवे बंद होते, कारण वायरिंग तुम्ही बिघडवलं. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, किती सोयीचं!

पण वहीत सही केल्याचं ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं असणार. मुनीम म्हणाला, तेवढं पान फाडून दे, आमचे बठ्ठे ट्रेलर, एकूणएक, तुझ्याकडेच येतील. वर माझ्याच दुकानात बसून चहा मागवला. मी त्याला चहा पिऊ दिला. पान दिलं नाही.

नाना, दिवा लागेना की सगळा हायवे आधी बल्ब बदलतो. तुम्ही मला पहिल्या दिवशी ट्रेलरखाली झोपवलंत आणि म्हणालात, "पहिले अर्थिंग देख, मंग बल्बले हात लाव." करंट बॅटरीकडे परत जातो तो ट्रेलरच्या लोखंडातून, अर्थिंगची वायर एका बोल्टला कसलेली असते, आणि तो बोल्ट नीट टेकला नाही की इंडिकेटर दिल्यावर टेललाइट मिणमिणायला लागते. माझ्या वेणीला ग्रीस लागलं होतं. शेजारचे टायरवाले हसले, तर तुम्ही त्यांना हिच्याआधी फॉल्ट शोधून दाखवा म्हणालात. कुणी उठलं का? कुणीच नाही.

आणि तुमची ती वही! फॉल्ट काय, कसा सापडला, काय केलं, काय केलं नाही, खाली ड्रायव्हरची सही. आई म्हणायची, दिवे दुरुस्त करता की पोथी लिहिता? 'काय केलं नाही' हा रकाना धुळ्यात दुसऱ्या कुठल्या दुकानात असेल असं मला वाटत नाही.

त्या रकान्यापाशीच मी अडकले. त्या ट्रेलरचं पान खंडेनवमीचं आहे. दसऱ्यासाठी ट्रेलर नवा रंगवला होता आणि रंगाऱ्यानं अर्थिंगच्या बोल्टवरही ब्रश फिरवला होता. तुमच्या अक्षरात लिहिलंय: इंडिकेटर दिला की दोन्ही टेललाइट मंद. बल्ब चांगले, प्लग चांगला. बोल्ट रंगाखाली. काम केलं नाही. दिवस मावळल्यावर गाडी चालवू नये. खाली ड्रायव्हरची सही. आणि त्याखाली, वेगळ्या शाईत: हत्यारं पूजेत होती, उचलली नाहीत. चूक माझी.

हे तुम्ही कधी लिहिलंत? अपघाताची बातमी आली तेव्हा? आणि मग महिनाभर आमच्यापाशी एक शब्द बोलला नाहीत!

आज ठाण्यात मुनिमानं नेमकी तीच ओळ शोधली. बोट ठेवून साहेबांना म्हणाला, "देखा साहेब, मानूस सोताच लिखस, चूक मनी शे." मला वाटलं संपलं. पण बोलले. म्हटलं, "साहेब, स्वतःची चूक ज्यानं लिहून ठेवली, तो बाकीचं खोटं कशाला लिहील? वरपासून वाचा."

साहेबांनी वरपासून वाचलं, मग पुन्हा एकदा मोठ्यानं. मुनीम पंख्याकडे बघत बसला. पान पंचनाम्याला जोडलंय आणि ड्रायव्हरला उद्या बोलावलंय. एकट्या तुमचंच नाव आता कुणी चिखलात ओढणार नाही. शेठचे ट्रेलर आता येणार नाहीत, नकोत यायला!

पण नाना, घरी येताना मास्तरांच्या कुबड्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. बोल्ट खरवडायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं! हळदीकुंकू लावलेला पाना उचलला असतात तर देव रागावला असता का तुमच्यावर? लिहून ठेवलंत, सही घेतलीत आणि ट्रेलर जाऊ दिलात. चुकलातच तुम्ही. जगापुढे तुमच्यासाठी भांडेन, पण तुमच्यापुढे हे बोलणारच.

म्हणून आज शब्द देते. नोंद तुमच्यासारखीच ठेवीन, माझी चूकसुद्धा लिहीन. पण येत्या खंडेनवमीला पूजेचा पाट मांडेन तेव्हा एक पाना आणि टेस्ट लॅम्प बाहेरच राहील. आई ओरडू दे, गल्ली बोलू दे. त्या दिवशी दिवे मंद असलेला ट्रेलर दारात आला, तर हात जोडून उभी राहणार नाही. खाली शिरेन.

तुमची, अजून रागावलेली,
कुसुम