घाटावरच्या कार्डांचा कोपरा

मलकापूर,
शुक्रवार, ता. १४ सप्टेंबर १९७३

तीर्थरूप इंद्रभानमामा यांच्या चरणी कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, काहीच कारण नाही. (खरेच नाही. सहज आठवण आली म्हणून बसले लिहायला.) मी इथे खुशाल आहे. मामींचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही नुसते 'गुडघा बरा आहे' असे लिहिले होते, पण कोणता ते लिहिले नव्हते, आणि दुखत होता तो उजवा की डावा हे मला आता आठवत नाही, म्हणून मी दोन्ही गुडघ्यांसाठी बालाजीला सांगून ठेवले आहे. कपिला व्याली असेल. गोऱ्हा झाला की कालवड, ते सवडीने कळवावे. तुम्ही मला सतरंजीवर बसवून पाटीवर पत्ते लिहायला शिकवलेत, 'नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि यातले एक जरी चुकले तर पत्र भटकले', ते मी अजून रोज मनात म्हणते. आजचे पत्र त्याच पत्त्यांविषयी आहे असे समजावे. मागणे वगैरे काही नाही.

मी इथे काय करते ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण समोरच्याला ठाऊक आहे असे धरून कधी लिहू नये हेही तुम्हीच शिकवलेत, म्हणून पुन्हा लिहिते. जूनपासून मावशीकडे राहून मी शंकररावांच्या बियाण्यांच्या दुकानात टपालाचे टेबल सांभाळते. भेंडी, दोडका, पालक, कोबी यांचे बी पुड्यांत भरायचे, पुड्या पार्सलात शिवायच्या आणि जिल्हाभरच्या गिऱ्हाइकांना पोस्टाने पाठवायच्या. टेबल दसऱ्यापर्यंत माझे, तेही अजमावून पाहण्यापुरते. दसऱ्याला शंकरराव ठरवणार, टेबल कायम माझ्याकडे की परत अर्जुनरावांकडे. (अर्जुनराव म्हणजे दुकानातले जुने कारकून. माणूस वाईट नाही, पण पार्सल पेटीत पडले की त्यांच्या लेखी ते काशीला गेले. पुढे विचारायचे नाही.) मामा, मला ते टेबल फार हवे आहे. घरी कोणाला बोलले नाही. त्याला नऊ कप्पे आहेत आणि एक खण कुलपाचा आहे, आणि किल्ली माझ्याकडे असते. खणात सध्या फक्त गोंदाची बाटली आहे, पण मी कुलूप लावते.

तर झाले असे की जुलैत उकंडराव नावाचे एक गिऱ्हाईक दुकानात येऊन पायरीवरच बसले, आणि आत या म्हटले तर येईनात. त्यांनी मागवलेले कोबीचे बी एका पिंपळगावाहून दुसऱ्या पिंपळगावाला, तिथून तिसऱ्याला, असे तीन पिंपळगावे फिरून रोप टाकायची वेळ गेल्यावर त्यांच्या हाती पडले होते. (चूक आमच्याच वहीची. वहीत 'उकंडराव, पिंपळगाव' एवढेच होते, जणू जगात पिंपळगाव एक आणि उकंडरावही एक.) ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं बी माह्यापेक्षा जास्त फिरलं. त्याले इचारा बाप्पा, पिंपळगाव कोनतं चांगलं." त्या दिवशी मला जेवण गेले नाही. आपण पाठवलेली वस्तू कुठे आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, याला धंदा कसे म्हणावे?

आता सरकारने गेल्या वर्षी प्रत्येक पोस्टाला सहा आकड्यांचा पिनकोड दिला आहे, तो पत्त्यात लिहिला की पिंपळगावात पिंपळगाव मिसळत नाही. मी सगळ्या गिऱ्हाइकांना आपापला पिनकोड कळवा म्हणून लिहिले. दोनशे तीसांतल्या अकरांनी कळवला. एकाने आकडे लिहून खाली विचारले की सोडत कोणत्या तारखेला आहे. अर्जुनराव म्हणाले, पत्ता माणसाचा असतो, आकडा कैद्याचा असतो.

मग मी ठरवले की पिनकोड येतील तेव्हा येतील, तोवर प्रत्येक पार्सलाचा माग आपणच ठेवावा. पार्सल निघाले की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला एक जोडकार्ड टाकायचे. एका अर्ध्यावर आम्ही लिहायचे, 'आपले पार्सल अमुक तारखेस पाठवले आहे, पोचताच कळवावे', आणि दुसरे अर्धे कोरे, आमच्या पत्त्याचे, त्यांनी फाडून उलट टपाली पाठवायचे. पार्सल किती दिवसांत पोचले ते आपोआप कळणार. शंकररावांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी मला चहा पाजला आणि अर्जुनरावांना पाजला नाही. (मी नंतर माझ्यातला अर्धा त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, पण माझ्याकडे न बघता.)

इथवर सगळे ठीक होते. पण मला वाटले की परत आलेली कार्डे निवडायला सोपी जावीत. घाटाखालची, म्हणजे इकडची मलकापूरकडची, एका कप्प्यात, घाटावरची, म्हणजे तुमच्याकडची, दुसऱ्यात. दोनशे तीस कार्डे एकेक वाचत बसण्यापेक्षा गठ्ठ्यावरून नुसते बोट फिरवले की कळावे, अशी काही खूण हवी. म्हणून मी घाटाखालची कार्डे तशीच ठेवली, आणि घाटावरच्या एकशे अठरा कार्डांचा डावीकडचा खालचा कोपरा कात्रीने कापला. नीट, पट्टी लावून, सगळे सारखे. दोन्ही अर्धी एकावर एक धरून कापली, म्हणजे परत येणाऱ्या अर्ध्यालाही तीच खूण.

मामा, तुम्ही आता हे वाचताना कपाळावर हात मारला असेल. पण मला सांगा, मला कसे ठाऊक असणार? कोपरा फाडलेले पत्र म्हणजे कोणी गेल्याचे पत्र, हे साऱ्या गावाला ठाऊक, कारण साऱ्या गावाने ते पाहिलेले असते. आपल्या घरी असले पत्र आले की आजोबा ते अंगणातच वाचत आणि तिथेच बारीक तुकडे करून टाकत, घरात येऊ देत नसत, पोरींच्या दृष्टीलाही पडू देत नसत. मी बारा वर्षांची होईतो तुमच्याच सतरंजीवर शिकले. तुम्ही मला पत्ता शिकवलात, मायना शिकवलात, तिकीट कुठे चिकटवायचे ते शिकवलेत. कोपरा तेवढा राहिला. (दोष देत नाही. कुठे राहिले एवढेच सांगते आहे.)

घाटाखालची कार्डे ऑगस्टअखेरच गेली होती, घाटावरची या सोमवारी पडली. बुधवारी सकाळी देऊळघाटचे कडूबा आमच्या दुकानापुढे बसमधून उतरले, बरोबर बायको, भाऊ, भावजय, आणि धोतराच्या पदरात बांधलेले तांदूळ. बायकोने फाटकातच सूर लावला. मी धावत गेले. कडूबा मला म्हणाले, "रडू नको व माय, आमी आलो आता. कोन गेलं, शेठ का?" शंकरराव आतून बाहेर आले. त्यांना धडधाकट बघून कडूबांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा चेहरा थोडा उतरलाच, कारण चौघांचे बसभाडे गेले होते. मी विचारले, कार्ड वाचले नाही का हो? तर म्हणाले, कोपरा पाहिल्यावर वाचते कोन? बायको डोळे पुसत म्हणाली, "आता आलोच हावो तं वांग्याचं बी दाखवा."

तरीही मला वाटले, हे एकच घर. पण गुरुवारी आमचा पोस्टमन रोजच्या वेळेआधी दोन तास, घामाघूम, सायकल हातात धरून पळत आला आणि त्याने कोपरा कापलेली एकेचाळीस कार्डे गल्ल्यावर ठेवली. अर्जुनरावांनी वरचे पाहिले, खालचे पाहिले, गठ्ठा चाळला, टोपी काढली, आणि मटकन पोत्यावर बसले. इतकी माणसे एकदम गेली म्हणजे कुठे धरण फुटले की काय, असे त्यांना वाटले. त्यांनी दुकानाची फळी अर्धी लावायला सांगितली. शेजारचे कापूस व्यापारी येऊन हात जोडून उभे राहिले. शंकरराव कपड्यांसकट नळाखाली बसले. आणि मी मूर्ख, आनंदाने ओरडले, "सगळी घाटावरचीच आहेत!"

(यावर अर्जुनरावांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी जन्मभर विसरणार नाही.)

मग एकेक कार्ड वाचले. लोकांनी इमानेइतबारे उत्तरे दिली होती. 'पार्सल मिळाले. भेंडी उत्तम. गेले कोण ते लिहायचे राहिले, तेवढे कळवावे.' 'आमच्याकडे सर्वांच्या आंघोळी झाल्यावर पत्र वाचले. दोडका पोचला. आंघोळीचे पाणी दोन कोसांवरून आणतो, हे ध्यानात असावे.' चिखलीकडच्या सिंधूताईंचे तर वाचून मी रडले. त्यांचे आणि त्यांच्या बहिणीचे तीन वर्षे बोलणे नव्हते. कोपरा पाहताच त्यांनी कार्ड तिथेच टाकले आणि थेट बहिणीच्या गावाला निघाल्या. बहीण चुलीपुढे भाकरी थापत बसली होती. दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि कशासाठी रडतो आहोत ते बहिणीला संध्याकाळपर्यंत समजले नाही. सिंधूताईंनी खाली लिहिले होते, 'दुधी भोपळ्याच्या दोन पुड्या पाठवाव्या, एक तिच्या पत्त्यावर.'

मी त्याच दिवशी एकशे अठरा माफीपत्रे लिहायला घेतली. पण मामा, माग ठेवायची सवय वाईट. लिहिता लिहिता मी तारखा ताडून पाहिल्या. घाटाखालची गावे जवळची, तरी त्यांची उत्तरे नऊ-नऊ, दहा-दहा दिवसांनी आली. घाटावरची लांबची, पण कापलेली कार्डे तिसऱ्या दिवशी परत! कारण साधे कार्ड गावात पोचले की पारावर पडते, कोणी त्या वाटेने जाईल तेव्हा नेते. कोपरा कापलेले मात्र पोस्टमन उन्हातान्हात शेतावर नेऊन हातात देतो, आणि घेणाराही लगेच जबाब लिहितो. ही गोष्ट मी शंकररावांना सांगायला नको होती. पण हिशेब लपवणे मला जमत नाही, म्हणून सांगितली. त्यांनी टॉवेलने डोके पुसता पुसता थांबून विचारले, "म्हंजे एका कात्रीत एवढं काम होते?"

आता त्यांना सगळीच कार्डे कापायची आहेत, घाटाखालचीही. वरून पितृपक्ष लागला आहे, या दिवसांत तर आणखी धावतील, असे ते म्हणतात. मी स्पष्ट सांगितले की दोडक्याच्या बियांसाठी कोणाच्या घरात रडारड करवणे मला मान्य नाही, पिनकोड लिहा, पूर्ण पत्ता लिहा, कार्ड त्यानेही वेळेवर जाईल. आणि कात्री चालवायची असेल तर टेबल अर्जुनरावांना द्या. अर्जुनराव चटकन म्हणाले, मलाही कात्री नको. त्या क्षणी मला ते फार आवडले.

असो. पुढे जे व्हायचे ते होईल. तुम्ही काळजी करू नये. मामींना नमस्कार, कपिलेच्या पाठीवरून हात फिरवावा. पत्राला उत्तर आलेच पाहिजे असे नाही.

तुमची आज्ञाधारक भाची,
कोकिळा

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. शंकरराव आणि माझ्यात पैज ठरली आहे. येत्या सोमवारी ते स्वतःच्या हाताने दोन कार्डे पेटीत टाकणार. एक कोपरा कापलेले, बिनपिनकोडचे. दुसरे साबूत, पिनकोडचे सहाही आकडे घातलेले. ज्याला जाणार तो माणूस कोणते कधी हाती आले ते लिहून पाठवणार. साबूत कार्ड मागे पडले नाही तर कात्री कायमची बंद आणि टेबल माझे. मागे पडले तर मी आपल्या गावी. भरवशाचा माणूस कोण, असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्या तोंडून तुमचे नाव गेले.

दुसरा ता. क. मामा, तुम्ही खोटे लिहावे असे मी म्हणत नाही. कधीच म्हणणार नाही. पण दोन्ही कार्डे जानेफळला एकाच थैलीतून येतील याची मला खात्री आहे. घोळ पुढे होतो. तुमचा पोस्टमन कारभारी कापलेले घेऊन शेतावर धावेल आणि साबूत पारावर ठेवील. म्हणून बुधवार-गुरुवारी थैली उघडते त्या वेळी तुम्ही स्वतःच पोस्टात जाऊन उभे राहिलात, तर दोन्ही एकदमच हाती पडतील आणि जे खरे तेच लिहिता येईल. ही लबाडी होते का? मी कालपासून विचार करते आहे. होत असेल तर उभे राहू नका. पण निदान शेतावर जाऊ नका.

तिसरा ता. क. मामींना आधी सांगून ठेवा. कापलेल्या कार्डावर अक्षर माझे आहे. मी जिवंत आहे.

शेवटचा ता. क. हे सगळे तेव्हाच उपयोगी, जेव्हा हे पत्र त्या कार्डांच्या आधी पोचेल. म्हणून पोस्टाच्या खिडकीवर दयारामभाऊंना विचारले, सर्वांत लवकर जावे म्हणून काय करावे? त्यांनी खणातली कात्री काढून माझ्यापुढे सरकवली. मी ती परत केली. तरी पाकिटाचा डावा खालचा कोपरा पाहून तुम्ही घाबरू नये. कापलेला नाही, मामा. नुसता थोडा दुमडला आहे.