स्वयंपाकघरावरची खोली

धाकट्या, तुला ताईचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात मी सर्वांत नवी आणि वयाने सर्वांत मोठी, त्यामुळे साहेबसुद्धा ताईच म्हणतात. नकाशे तपासायचे, चुकलेले परत करायचे आणि लोकांची बोलणी खायची. जमतंय.

माझ्यासाठी तू स्वयंपाकघरावर खोली चढवतोयस हे वाचून डोळे भरले. पण तू गवंड्याला म्हणालास म्हणे, "ताई खात्यातच आहे, परवानगी कशाला?" अरे शहाण्या, माझं खातं इथलं, भिंत तिथली! आणि ती भिंत मातीत रचलेली, वरच्या खोलीचं ओझं पेलेल का? काल असाच एक नकाशा मी परत केला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. कुणाचाही नकाशा समोर येवो, मला आपलंच स्वयंपाकघर दिसतं.

रीतसर अर्ज कर, म्हणजे इंजिनियर भिंत बघायला येईल. तोवर स्लॅब टाकू नकोस. मला काय, आईशेजारी सतरंजी पुरे.

आई अजून स्वयंपाकघरात ओट्याजवळच झोपते ना? तिची खाट पुढच्या खोलीत घे. कुरकुरेल, तर माझं नाव सांग. आधी खाट हलव, मग उत्तर लिहायला बस.

तुझी, जीव टांगणीला लागलेली,
ताई