यादीबाहेरची नावं

३ मार्च
साहेबांनी कागद दिला. "खात्याच्या संकेतस्थळावर एवढीच चढवा." कारखान्याच्या आगीत गेलेल्यांची यादी. नऊ नावं. धाकट्या बहिणीला ओळखायला शवागारात गेले होते, तेव्हा मी स्वतः एकोणतीस प्रेतं मोजली होती, तिथल्या नोंदवहीतून नावंही उतरवली होती. तिचं नाव यादीत नाही. "कंत्राटी ना त्या? हजेरीपटावर नव्हत्या" — साहेब, चहा ढवळत.
चढवली. नऊ.

६ मार्च
आई विचारते, नाव आलं का? म्हटलं, येईल.

११ मार्च
केलं. संकेतस्थळात कुणीही घुसू शकेल, हे मीच साहेबांना दोनदा लेखी कळवलं होतं. वाचतंय कोण! दुपारी मास्तरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शेवटच्या मशीनवर बसले. पहिल्या पानावरचा मंत्र्यांचा फोटो हटवला, तिथे एकोणतीस नावं टाकली. धाकटीचं सगळ्यात वर.
चार तास टिकली. बस थांब्यावर एक जण फोनवरून मोठ्याने वाचत होता. बाकीचे उभे राहून ऐकत होते.

१३ मार्च
मास्तरांना उचललं. माग क्लासपर्यंत गेला. मला माउस धरायला शिकवणारा माणूस. हे आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

१६ मार्च
डबा द्यायच्या निमित्ताने पोलीस चौकीत गेले. मास्तरांचा ओठ फाटलाय. म्हटलं, "मी सांगून टाकते." ते हळूच म्हणाले, "कुणी केलं ते मला त्याच दिवशी कळलं. कबुलीवर सही केलीय मी. घरी जा. आईला आता तू एकटीच आहेस."
आणि मी आले घरी. जिना चढताना हलकं वाटलं. लाज वाटते, पण खरं आहे म्हणून लिहितेय.

२ एप्रिल
मास्तरांच्या बायकोने रस्त्यात गाठलं. जामीन नाकारला. "तुमच्या ऑफिसात कुणाची ओळख निघेल का हो?" माझा हात धरून विचारत होती.
घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती धाकटीच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

३ एप्रिल
ही वही घेऊन चौकीत निघालेय. पुरावा मागतील, तेव्हा हीच देईन. आईला म्हटलं, निघते. ती उठली, चपला शोधायला लागली.
"थांब. मी पण येते."