घसरण चार मिलिमीटर

सोमवार, ९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तू तो घेणार नाहीस, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असं अप्पांनी शिकवलंय, तेव्हा राहू दे. आई कशी आहे? शुक्रवारी अकरा वाजता तिला घरी सोडणार असं भाऊजींकडून कळलं. बरं झालं. तुझी कंबर काय म्हणते?

फोन उचलत नाहीस म्हणून हे भाऊजींच्या हाती देतोय. काम किरकोळ आहे. अप्पांचा तो जुना लॅपटॉप आठवतो? विटेएवढा जाड, तुमच्या इमारतीची लिफ्ट तपासताना ते त्याला वायर जोडायचे, तो. माळ्यावरून काढलाय. नवा तपासनीस जुन्या नोंदी मागतोय. पण तो फ्लॉपीवरून सुरूच होत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा करडा होतो आणि एकच ओळ उमटते, डिस्क सापडत नाही. समोर बसवून विचारावंसं वाटतं, अरे बाबा, मग तुझ्या तोंडात काय आहे?

फ्लॉपी वाचणारं आतलं हेड स्पिरिटने पुसलं. उघडून पाहिलं तर फ्लॉपी फिरवणारा रबरी पट्टा वितळून डिंकासारखा चिकटलेला. जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा काढून बसवला. आता फ्लॉपी घरघरते, ओळ मात्र तीच. अप्पांच्या वहीत यावर काहीतरी युक्ती लिहिलेली होती. वही तुझ्याकडे आहे. तेवढी पाठव.

लिफ्टची काळजी करू नकोस, ठणठणीत आहे. गेल्याच महिन्यात तपासणीचा दाखला लावला. घसरण यंदाही चार मिलिमीटर. म्हणजे थांबायच्या जागेपासून लिफ्ट तेवढी पुढे सरकते. बारापर्यंत चालतं.

त्या दिवशी दवाखान्यात मी रागाच्या भरात बोललो. पण तूही आईचा हात सोडायला नको होतास.

तुझा धाकटा


बुधवार, ११ मार्च

ताई,

वही काल सकाळी भाऊजींनी आणून दिली. सोबत चिठ्ठी नव्हती. समजलो.

युक्ती चौदाव्या पानावर होती. आतली बटणाएवढी बॅटरी मेली की यंत्र सगळं विसरतं, आपल्याला फ्लॉपी जोडलेली आहे हेसुद्धा. खाली अप्पांच्या अक्षरात, 'दर वेळी आठवण करून द्यावी.' त्यांनी लिहिल्याप्रमाणे चालू करताना कोपऱ्यातलं बटण दाबून धरलं आणि कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत फ्लॉपी सगळ्यात वर आणली. दोनदा तीच ओळ आली. तिसऱ्यांदा कर्रकर्र आवाज झाला आणि अप्पांचा प्रोग्राम उघडला. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी थेट शेवटच्या नोंदीवर गेलो.

ती अकरा वर्षांपूर्वीची आहे. अप्पांची. घसरण चार. त्याखाली काहीच नाही.

तपासनीस वगैरे कोणी येणार नव्हता, ताई. अप्पा गेले त्याच वर्षी हा लॅपटॉप अडून बसला. म्हटलं, बघू सावकाश. आणि दाखल्यावर अप्पांचाच आकडा उतरवून खाली सही ठोकली. पुढच्या वर्षी तेच. अकरा वेळा चार लिहिलं. साधी पट्टी लावून बघितलं असतं तरी कळलं असतं, तेवढंही केलं नाही.

आई पडली तेव्हा तू रडत सांगत होतीस, "लिफ्ट मजल्याला लागली नव्हती रे. एवढी पायरी पडली होती, त्यात तिचा पाय अडकला." आणि मी चारचौघांत तुला म्हणालो, "लक्ष नव्हतं म्हण ना सरळ. लिफ्टवर कशाला ढकलतेस?" ते बोलतानाच मला माझे दाखले आठवत होते. म्हणूनच आवाज चढवला.

काल दुपारी लॅपटॉप वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत नेऊन जोडला. रिकामी लिफ्ट, सातवा मजला, घसरण एकतीस मिलिमीटर. पुन्हा घेतलं. चौतीस. ब्रेक धरतच नाही. माणसं भरली की ती कुठे थांबेल, थांबेल की नाही, हे मला सांगता येत नाही.

फ्यूज काढून खिशात घातले. चार वाजता सेक्रेटरींनी वॉचमनकडून नवे बसवून लिफ्ट सुरू केली आणि खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. म्हणाले, "काय चेष्टा लावलीय? महिन्यापूर्वी तूच दाखला दिलास ना? ही बघ तुझी सही." मी म्हटलं, ब्रेक बदलायला हवेत. तर म्हणाले, "शुक्रवारनंतर बघू. तुझ्याच आईला वर न्यायचंय की." तेव्हाही खरं काय ते तोंडातून निघालं नाही. परवाना जाईल, अप्पांचं दुकान जाईल, कदाचित मीही आत जाईन. सगळी रात्र आणि आजचा अर्धा दिवस मी हाच हिशोब करत बसलो, आणि लिफ्ट चालू होती. याची लाज वाटते.

दुकानातून तुमच्या जिन्याची काच दिसते. तिच्यातून लिफ्टचा दिवा वर जातो, खाली येतो. आत्ता शाळा सुटलीय, पाचव्या मजल्यावरच्या जुळ्या मुली असतील. दिवा चौथ्या आणि पाचव्याच्या मधे थांबलाय. अजून थांबलेलाच आहे. हं, हलला.

शुक्रवारी आईला लिफ्टमध्ये नेऊ नकोस. स्ट्रेचर, उचलणारी माणसं, तू, भाऊजी, एवढं वजन तो ब्रेक पेलणार नाही. मी आणि भाऊजी तिला खुर्चीत बसवून जिन्याने सात मजले चढवू. माझं तोंड बघायचं नसेल तर दुसरी माणसं पाठवतो, पण जिन्यानेच.

हे पत्र कार्बन घालून लिहितोय, दोन नकला निघतील. आधी समोर जाऊन एक लिफ्टच्या दारावर चिकटवतो आणि दुसरी सेक्रेटरींच्या हातात देतो. ते वाचून लिफ्ट बंद करेपर्यंत दारातून हलणार नाही. मग हे तुझ्याकडे दवाखान्यात घेऊन येतो.

आईचा हात तू सोडला नव्हतास, ताई. मला ते तेव्हाही माहीत होतं.

दिवा पुन्हा वर निघालाय. जातो.

अकरा सह्या न बघता केल्या. ही बघून करतोय.

तुझा धाकटा