डीप फ्रीझरमधले बूट

बाबा, तुमच्या नातीसाठी बर्फात घालायचे बूट घ्यायचे होते आणि ते कसे निवडायचे हे मला दुबईत उभं राहून कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तसे बूट घेऊन झाले, ते घालून ती कॅनडाला पोचलीसुद्धा, तेव्हा आता विचारून काय उपयोग म्हणाल. पण तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती, आणि मधल्या काळात तुम्हाला सांगायचं बरंच साठलंय. आधी एक सांगते, म्हणजे माझी धास्ती कळेल. शाळेत बॅडमिंटन खेळताना ती पडली आणि तिचा डावा घोटा मोडला. आत पट्टी आणि स्क्रू आहेत. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं कर, पण हा पाय पुन्हा असा मुरगळायला नको. आणि आमच्या बाईसाहेबांनी शिकायला निवडलं काय, तर अर्धं वर्ष रस्त्यावर बर्फ असणारं गाव. कॉलेज चांगलं आहे, स्कॉलरशिप आहे, नाही म्हणायला मला जागाच नव्हती. मी ऑफिसात बसून तिकडच्या फुटपाथांचे फोटो बघत होते.

ऑगस्टात आम्ही मॉलमध्ये गेलो. पार्किंगपासून दारापर्यंत चालताना घामाने पाठ भिजली, आणि आत काचेमागे लोकरीच्या टोप्या, जाडजूड कोट, बुटांच्या रांगा. तिने लगेच एक जोडी उचलली, चकचकीत, वर पांढऱ्या केसांची कड असलेली. सेल्समन म्हणाला, "बेस्ट चॉइस मॅडम, माइनस थर्टी तक फुल गॅरंटी." मी विचारलं, "आप कभी गये हो माइनस थर्टी में?" तो हसला. "नहीं मॅडम, मैं तो त्रिशूर से हूँ." लेक माझ्या कानाशी पुटपुटली, "आई, प्लीज. डोन्ट इंटरव्ह्यू हिम." मी आपली बुटाचा तळ दाबून बघत होते, बाजारात वांगी दाबून बघतात तशी. काय कळणार होतं? शेवटी मीच ओशाळून त्याला म्हणाले, "क्या करें, हमारे घर में किसी ने बर्फ देखा ही नहीं." आणि बोलता बोलता माझी जीभच अडखळली. कारण बाबा, आमच्या घरात एक माणूस होता जो रोज सकाळी डबा घेऊन हिवाळ्यात जायचा आणि संध्याकाळी उन्हाळ्यात परत यायचा. इतक्या वर्षांत मला हे असं कधी दिसलंच नव्हतं.

इथल्याच रास अल खोर भागातलं ते तुमचं कोल्ड स्टोअर. मासळी, मटार, कोंबड्यांचे खोके, आणि त्यांच्यामध्ये तुम्ही. जुलैत सगळी दुबई एसी शोधत पळते आहे, आणि तुम्ही कामावरून आल्या आल्या करामाच्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसताय, अनवाणी, तळवे तापलेल्या फरशीवर टेकवून. शेजारचे काका म्हणायचे, "अहो, आत या, भाजून निघाल." तुम्ही म्हणायचात, "येतो, जरा पाय परत येऊ देत." मला ते गमतीचं वाटायचं. आपल्या घरी सरबतात बर्फ नसायचा, तुम्ही माठातलं पाणीदेखील कोमट करून प्यायचात, आणि मी मैत्रिणींना सांगायचे की आमचे बाबा जरा विचित्र आहेत.

मग आईचा तो पराक्रम झाला. तुमचे कंपनीचे बूट आतून ओलसर राहतात, वास येतो, म्हणून एका शुक्रवारी तिने घरातल्या गाद्या, डाळी आणि बूट यांना एकदमच ऊन दाखवलं. रत्नागिरीच्या बायकांना ऊन दाखवल्याशिवाय कुठली वस्तू शुद्ध झाल्यासारखी वाटत नाही. पण ते ऊन रत्नागिरीचं नव्हतं. दुपारी गाद्या उचलायला गेली तर दोन्ही बुटांचे तळ सुटून जबडा वासलेले. तुम्ही काहीतरी लावून चिकटवलेत आणि दुसऱ्या दिवशी तेच घालून गेलात, आणि संध्याकाळी मनगट बांधून परत आलात. कोल्ड स्टोअरच्या दारापाशी घसरला होतात, खांद्यावर खोका असताना. आई स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडत होती. तुम्ही तिथे गेलात, मी दारात उभी होते. मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. तुम्ही म्हणालात, "अगं, त्यांना उन्हाची सवय नाही." आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणि तुम्हाला थंडीची आहे?" त्या दिवशी चहा तुम्ही केलात, एका हाताने, आणि साखर घालायला विसरलात.

त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा स्वतः बूट निवडलेत आणि मला बरोबर नेलंत. मी चौथीत असेन. रास अल खोरच्या त्या दुकानात हेल्मेटं, हातमोजे, दोरखंड, सगळं छतापर्यंत. दुकानदार ओळखीचा, म्हणून दोन जोड्या घेऊन तुम्ही म्हणालात, "एक कल वापस लाऊंगा," आणि तो म्हणाला, "यल्ला, ले जाओ." जाड मोजे घालून तुम्ही आत बोटं हलवून पाहिलीत. मलाही म्हणालात, "बोटं नाचली पाहिजेत. घट्ट बुटात पाय आधी गारठतो." मग दोन्ही जोड्या रात्रभर कोल्ड स्टोअरमध्ये ठेवल्यात. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी, मी पुन्हा तुमच्याबरोबर. तुम्ही मला तुमचं दुसरं जाकीट घातलंत, ते माझ्या पावलांपर्यंत आलं, आणि तो जाडजूड दरवाजा ओढलात.

बाबा, ते मी आजही जसंच्या तसं बघते आहे. दारातून पांढरा धूर जमिनीवर सरपटत बाहेर येतो आहे. बाहेर ट्रकचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापलेला, आणि आत सगळं निळसर, गप्प, माझ्या नाकातले केससुद्धा ताठ झालेले. तुम्ही त्या धुरात पाठमोरे चालत जाता, वळता, आणि तुमच्या मिशीवर पांढरे कण आहेत. मला तेव्हा तुम्ही दुसऱ्याच कुठल्या देशाचे वाटलात. भीती वाटली आणि अभिमानही वाटला. तुम्ही दोन्ही जोड्यांतला एकेक बूट उचलून वाकवून दाखवलात. एकाचा तळ लाकडासारखा कडक झाला होता. दुसऱ्याचा चपलेसारखा वाकला. "हा ठेवायचा. कडक झालेलं रबर जमिनीला धरत नाही." मी घाबरत विचारलं, इथे घसरायला होत नाही का. तुम्ही म्हणालात, "आत नाही घसरत, बाळ. आत सगळं कोरडं असतं. घसरतं ते दारापाशी, जिथे बाहेरची हवा आत येऊन गोठते. तिथे पाऊल सपाट टाकायचं, छोटं टाकायचं, आणि हात खिशात ठेवायचे नाहीत." आणि माझा हात धरून तुम्ही मला तो उंबरा ओलांडायला लावलात.

तर मॉलमधून मी दोन जोड्या घेतल्या, एक तिच्या आवडीची आणि एक साधी, करड्या रंगाची. बदलून मिळतील ना हे विचारून घेतलं. सिलिकॉन ओएसिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक डीप फ्रीझर आहे, खोर फक्कानच्या बंदरावरून आणलेली सुरमई भरून ठेवायला. सुरमई आणि खोवलेल्या नारळाच्या पिशव्या बाजूला सारून मी त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले बूट ठेवले. लेकीने झाकण उघडलं आणि म्हणाली, "आई, आर यू ओके?" रत्नागिरीहून आईचा फोन आला तर ती म्हणते, "नवे बूट ना, जरा ऊन दाखव त्यांना." अजूनही! मी म्हटलं, "आई, नको." आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिने मधेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी केसांची कड असलेले बूट वाकेनात. करडे वाकले. पण माझं एवढ्यावर समाधान होईना. मी मोठी परात पाण्याने भरून फ्रीझरमध्ये ठेवली, आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरात ओल्या टॉवेलवर ती बर्फाची परात ठेवून लेकीला म्हटलं, उभी राहा. तिने नाक मुरडलं, पण करडे बूट घालून आली. बर्फ वरून पाझरायला लागला होता, मला तसाच निसरडा हवा होता. तिने उजवा पाय ठेवला, मग तो पट्टीचा डावा, आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. मी तुमचं सगळं सांगितलं, सपाट पाऊल, छोटं पाऊल, हात बाहेर, दारापाशी जप. "हू टोल्ड यू ऑल धिस?" म्हणाली. म्हटलं, "तुझ्या आजोबांनी." "ही वेंट टू कॅनडा?" मी म्हटलं, "नाही गं. रास अल खोरला." ती हसली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली आणि सगळी गोष्ट ऐकेपर्यंत परातीतून खाली उतरली नाही.

विमानतळावर काचेचं दार उघडून ती आत गेली तेव्हा मी सारखी तिच्या पायांकडे बघत होते. तिकडे पोचल्यावर रोज फोन, रोज माझा एकच प्रश्न, पडली नाहीस ना, आणि तिचं "आय्म फाइन, आई." मग बर्फ पडायला लागला. परवा तिचा फोन आला, आवाज चढलेला. "आई, ही वॉज राइट! हॉस्टेलच्या दारापाशीच. आतून हीटरची हवा येते, सो इट मेल्ट्स अँड देन फ्रीझेस अगेन. एव्हरीवन फॉल्स देअर." मी विचारलं, तू? म्हणाली, "नो. आय वॉक लाइक आजोबा." ज्या माणसाला तिने कधी पाहिलं नाही, त्याच्यासारखी ती चालते आहे, बाबा. मी फोनवर फक्त "बरं, बरं" म्हणत राहिले.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे, ते मला ठाऊक नाही, आणि आईला वाचून दाखवायचं धाडस नाही. एकच गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी ती परातीवरून उतरली तेव्हा पाझरलेल्या बर्फात तिच्या दोन्ही बुटांची नक्षी उमटली होती. मी परात तशीच उचलून परत फ्रीझरमध्ये, नारळाच्या पिशव्यांखाली ठेवली. सुरमईला जागा पुरत नाही, घरात सगळे विचारतात, परात कुठे गेली. मी म्हणते, सापडत नाही. अधूनमधून झाकण उघडून, पिशव्या सारून मी त्या दोन पावलांवर हात ठेवते, आणि हात गारठला की गॅलरीतल्या गरम फरशीवर जाऊन टेकवते.